मालकाच्या दप्तरातली हॅरिएट

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात राहिलेल्या एखाद्या स्त्रीचे चरित्र घराण्याच्या कागदपत्रांतून उभे करावयाचे झाल्यास, ती कोणत्या घरात जन्मली हे पाहण्याआधी त्या घरच्या दप्तरात तिची नोंद कोणत्या सदराखाली झाली हे पाहावे लागते. मळेवाल्या गोऱ्या कुटुंबातील मुलीचे नाव घरच्या बायबलमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींसाठी जी कोरी पाने राखलेली असत त्यांवर सापडते, आणि पुढे ती पत्रांतून, रोजनिशीतून, चर्चच्या वहीतून पुन्हा पुन्हा भेटत राहते. त्याच घरात राबणाऱ्या काळ्या मुलीचे नाव मात्र मृत्युपत्रात, मयताच्या मालमत्तेच्या यादीत, विक्रीखतात किंवा पळालेल्या गुलामांच्या जाहिरातीत शोधावे लागते, आणि पुष्कळदा ते घोडे, गाई, खाटा व कपाटे यांच्या मधल्या ओळीत सापडते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची स्वतंत्र पत्रके भरली गेली. त्यांत मालकाचे नाव लिहून त्याच्याखाली मुख्यतः प्रत्येक गुलामाचे वय, लिंग आणि वर्ण नोंदवले जाई, नावासाठी रकानाच नव्हता. १८६० साली अशा माणसांची संख्या सुमारे ३९ लाख ५० हजार होती. ही सर्व माणसे नावानिशी जनगणनेत प्रथम आली ती १८७० मध्ये, आणि म्हणून आपले पूर्वज शोधणारे आजचे कृष्णवर्णीय अमेरिकन त्या सालाला भिंत म्हणतात.

या भिंतीच्या पलीकडची एक स्त्री मात्र विलक्षण स्पष्टतेने दिसू शकते. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एडेंटन या छोट्या बंदरगावात १८१३ साली जन्मलेल्या हॅरिएट जेकब्सने स्वतःचे आयुष्य स्वतः लिहिले. परंतु पुढे तिच्या लिखाणावर दीर्घकाळ अभ्यासकांनी पुरता विश्वास ठेवला नाही, आणि तो विश्वास शेवटी ज्या कागदांनी मिळवून दिला त्यांतले पुष्कळसे कागद तिला मालमत्ता मानणाऱ्या कुटुंबानेच जपून ठेवलेले होते. मालकाच्या दप्तराने गुलामाच्या बाजूने साक्ष द्यावी, असा हा प्रसंग आहे, आणि तो तपशिलात पाहण्यासारखा आहे.

एडेंटन हे चोवान काउंटीचे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. तिच्या न्यायालयात मृत्युपत्रे, खरेदीखते आणि वारसांच्या वाटण्या नोंदवल्या जात. १७६७ मध्ये बांधलेली तेथील न्यायालयाची विटांची इमारत आजही उभी आहे. याच गावात हॉर्निब्लो नावाच्या कुटुंबाची खाणावळवजा सराई होती, आणि हॅरिएटची आजी मॉली त्या सराईची गुलाम होती. मॉलीचा बाप साउथ कॅरोलिनामधील एक गोरा मळेवाला होता. त्याने मरताना तिला, तिच्या आईला व भावंडांना मुक्त केले होते, पण अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ही माणसे प्रवासात पकडली जाऊन पुन्हा विकली गेली. हॅरिएटची आई डेलाइला ही मॉलीची मुलगी. वडील इलायजा नॉक्स हे कुशल सुतार, पण त्यांचा मालक वेगळा, डॉक्टर अँड्र्यू नॉक्स. आईचा मालक एक, बापाचा दुसरा, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटत नसे, कारण गुलामांचा विवाह कायद्याला मान्यच नव्हता. मूल कोणाचे हा प्रश्न मात्र कायद्याने केव्हाच सोडवून ठेवला होता: व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्ये केलेल्या आणि पुढे सर्व दक्षिणेने उचललेल्या नियमानुसार अपत्याची अवस्था आईच्या अवस्थेप्रमाणे ठरे. आई गुलाम असेल तर बाप कोणीही असो, मूल आईच्या मालकाचे. या एका नियमाने हॅरिएटच्या घराण्यातील चार पिढ्यांचे भवितव्य ठरवले.

आई वारली तेव्हा हॅरिएट सहा वर्षांची होती. त्यानंतर ती आईची मालकीण मार्गारेट हॉर्निब्लो हिच्या घरी राहिली आणि तेथे तिला शिवणकाम, अक्षरओळख आणि वाचन शिकायला मिळाले. पुढे १८३०-३१ च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनाने गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हाच गुन्हा ठरवला. हॅरिएटचे शिक्षण त्याआधी झाले हे तिचे आणि नंतरच्या वाचकांचेही भाग्य. मार्गारेट ३ जुलै १८२५ रोजी वारली. तिने आपल्याला अक्षरे शिकवली, तेव्हा मरताना ती आपल्याला मुक्त करून जाईल अशी आशा सुमारे बारा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या नातलगांनी धरली होती. ८ एप्रिलला केलेल्या मूळ मृत्युपत्राला मृत्यूच्याच दिवशी एक पुरवणी जोडली गेली. अशा पुरवणीला कायद्याच्या भाषेत कोडिसिल म्हणतात आणि तिने आधीच्या मृत्युपत्रातील तरतूद बदलता येते. या पुरवणीने हॅरिएट ही मार्गारेटच्या भाचीला, म्हणजे तीन वर्षांच्या मेरी मॅटिल्डा नॉरकॉमला देण्यात आली, आणि तिच्यासोबत खणांचे एक कपाट, शिवणकामाचे एक मेज व त्यांतील सर्व वस्तूही देण्यात आल्या. पुरवणीवर मार्गारेटची सही नाही. साक्षीदार दोन असून त्यांपैकी एक आहे डॉक्टर जेम्स नॉरकॉम, म्हणजे जिला ही मुलगी मिळणार होती त्या मुलीचा बाप.

या कागदाकडे पाहिले की घराण्याचे दप्तर किती निर्विकारपणे माणसाचे आयुष्य वळवू शकते हे कळते. कपाट, मेज आणि मुलगी एका वाक्यात बसवणाऱ्या लेखणीला त्यात काही विजोड वाटले नसेल. वारसाहक्काच्या वहीत त्या तिन्ही गोष्टींची जात एकच होती. तीन वर्षांची मालकीण नावापुरती, प्रत्यक्ष सत्ता तिच्या वडिलांची. नॉरकॉम त्या वेळी सत्तेचाळिशीच्या घरात होता, गावातला प्रतिष्ठित वैद्य होता, आणि हॅरिएट वयात येऊ लागताच त्याने तिच्यामागे लागून तिचे जगणे अशक्य केले.

त्याच घरातून पुढच्या तीन वर्षांत दुसरा एक कागद निघाला, आणि तो मॉलीविषयी आहे. मॉली रात्री जागून बिस्किटे भाजून विकत असे आणि त्यातून तिने मुलांना सोडवण्यासाठी पैसा साठवला होता. त्यातले ३०० डॉलर तिच्या मालकिणीने, म्हणजे मार्गारेटच्या आईने, उसने घेतले आणि ते कधीच परत आले नाहीत. गुलामाचा मालकाशी करार होऊच शकत नाही, असे कायदा सांगत असल्याने ते वसूल करण्याचा मार्गही नव्हता. म्हातारी मालकीण वारल्यावर नॉरकॉम, जो तिचा जावई होता, तिच्या इस्टेटीची व्यवस्था पाहू लागला, आणि १ जानेवारी १८२८ रोजी मॉलीची विक्री ठरली. दक्षिणेत वर्षाचा पहिला दिवस हा गुलाम भाड्याने देण्याचा व विकण्याचा ठरलेला दिवस असे. मॉलीला गावात मान होता आणि तिला मुक्ती देण्याचे वचन मयत मालकिणीने दिले होते हे सर्वांना ठाऊक होते; म्हणून गुपचूप सौदा करून लाज झाकण्याचा प्रयत्न झाला, पण मॉलीने तो हाणून पाडला आणि ती स्वतः लिलावाच्या चौथऱ्यावर जाऊन उभी राहिली. जमलेल्या लोकांपैकी कोणी बोली लावेना. शेवटी मयत मालकिणीची वृद्ध बहीण हॅना प्रिचर्ड हिने अवघ्या ५२ डॉलर २५ सेंटला तिला विकत घेतले आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यायालयाच्या परवानगीने तिला मुक्त केले. हॅरिएटने आपल्या पुस्तकात हीच किंमत ५० डॉलर अशी दिली आहे. तिने पुस्तक लिहिले त्या वेळी हा प्रसंग होऊन पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि कोणताही दस्त तिच्या हाताशी नव्हता. तरीही आकड्यात फरक पडला तो सव्वादोन डॉलरचा.

नॉरकॉमच्या जाचातून सुटण्यासाठी हॅरिएटने जे केले ते तिच्या काळच्या नीतिकल्पनांना धरून नव्हते, आणि ते सांगताना तिला पुढे फार यातना झाल्या. सॅम्युएल ट्रेडवेल सॉयर या अविवाहित गोऱ्या वकिलाशी तिने संबंध ठेवला. आपल्याला ज्याने छळले त्याच्यापेक्षा आपण निवडलेला माणूस बरा, आणि कदाचित त्याच्याकडून मुलांची तरी सुटका होईल, असा तिचा विचार होता. १८२९ च्या सुमारास जोसेफ आणि १८३३ मध्ये लुइझा अशी दोन मुले तिला झाली. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे ती दोन्ही मुले जन्मतःच लहानग्या मेरी मॅटिल्डाची मालमत्ता ठरली, आणि त्यांचा बाप पुढे १८३७ ते १८३९ या काळात अमेरिकन काँग्रेसचा सभासद होता याने त्यांच्या कायदेशीर अवस्थेत काडीचाही फरक पडला नाही.

१८३५ च्या जूनमध्ये हॅरिएट पळाली. नॉरकॉमने तिला आपल्या मुलाच्या मळ्यावर पाठवले होते, आणि मुलांनाही तेथे आणून मळ्यावरच्या कामाला जुंपणार असे तिच्या कानावर आले होते. आपण नाहीसे झालो तर मुलांचा उपयोग उरणार नाही आणि तो त्यांना विकून टाकील, असा तिचा हिशेब होता. तिला धरून देणाऱ्यास १०० डॉलर बक्षीस देण्याची नॉरकॉमची जाहिरात नॉरफोक येथील ‘अमेरिकन बीकन’ या वृत्तपत्रात छापली गेली. तिच्यावरची तारीख ३० जून आहे आणि ती ज्या अंकात आढळते तो ४ जुलै १८३५ चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा आहे.

ही जाहिरात म्हणजे हॅरिएटचे तरुणपणीचे एकमेव शब्दचित्र आहे आणि ते तिच्या शत्रूने रेखाटले आहे. त्यात ती उजळ वर्णाची, २१ वर्षे वयाची, उंचीने ५ फूट ४ इंच, बांध्याने भरलेली अशी सांगितली आहे. केस दाट, काळे, निसर्गतः कुरळे, पण विंचरल्यास सरळ होणारे. ती सहज आणि अस्खलित बोलते, तिचे वागणे-बोलणे मन वेधून घेणारे आहे, ती शिवणकामात तरबेज असल्याने चांगले कपडे घालण्याची तिला सवय आहे आणि बाहेर दिसली तर बहुधा चालू फॅशनच्या झोकदार पोशाखात दिसेल, असेही त्यात म्हटले आहे. शेवटी, कोणतेही ज्ञात कारण किंवा चिथावणी नसताना ती आपल्या मुलाच्या मळ्यावरून पळाली, असे नॉरकॉम लिहितो. वय जुळते, कौशल्य जुळते, मळा जुळतो. आणि एखाद्या स्त्रीच्या केसांचा, चालीचा व बोलण्याचा इतका बारकाईने अभ्यास केलेला माणूस कारण माहीत नसल्याचे छापून आणतो, तेव्हा ते न सांगितलेले कारण त्या वर्णनातूनच उघडे पडते. पळालेल्या गुलामांच्या हजारो जाहिराती त्या काळच्या वृत्तपत्रांत आढळतात, आणि त्यांचा हा दुहेरी उपयोग इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे: पकडण्यासाठी लिहिलेला मजकूर आज ओळखण्यासाठी वाचला जातो.

उत्तरेकडे पळाली असे समजून नॉरकॉम तिला न्यूयॉर्कला शोधत राहिला. ती मात्र त्याच्या घरापासून जवळच होती. प्रथम ओळखीच्या लोकांच्या घरी, मध्यंतरी सापांनी भरलेल्या दलदलीत आणि त्यानंतर आजीच्या घरालगतच्या कोठारावर, छपराच्या उताराखाली असलेल्या पोकळीत ती लपून राहिली. ही पोकळी नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट होती. तेथे उभे राहता येत नसे, उजेड व हवा येत नसे, उन्हाळ्यात छपराच्या पातळ फळ्या तापत आणि हिवाळ्यात हातपाय गोठत. तिने गिरमिटाने फळीला भोके पाडली आणि त्यांतून ती अंगणात खेळणाऱ्या स्वतःच्या मुलांकडे पाहत असे. मुलांना आई कोठे आहे हे सांगितलेले नव्हते. जवळजवळ सात वर्षे ती तेथे राहिली. त्या अवधीत तिने न्यूयॉर्कहून लिहिल्यासारखी पत्रे लिहून ती उत्तरेकडे जाणाऱ्या विश्वासू माणसाकरवी तेथून टपालात टाकविली, आणि पत्रांत रस्त्यांची नावे बरोबर यावीत म्हणून न्यूयॉर्कच्या जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद मिळवला. नॉरकॉमने त्या पत्रांवर विश्वास ठेवला. जिच्या आयुष्याचा तपशील इतरांच्या कागदांवर अवलंबून होता तिने येथे प्रथमच स्वतःच्या हाताने एक खोटा दस्तऐवज तयार केला, आणि तो यशस्वी झाला.

मुलांविषयीचा हिशेबही बरोबर ठरला. संतापलेल्या नॉरकॉमने दोन्ही मुले आणि हॅरिएटचा भाऊ जॉन यांना गुलामांच्या व्यापाऱ्याला विकले. तो व्यापारी सॉयरच्या वतीने आलेला होता. सॉयरने मुले आजीकडे राहू दिली, पण त्यांना लिहून मुक्त केले नाही. जॉनला मात्र त्याने नोकर म्हणून बरोबर नेले, आणि १८३८ मध्ये न्यूयॉर्कमधील मुक्कामात जॉन त्याला सोडून निघून गेला. हॅरिएट स्वतः १८४२ च्या जूनमध्ये गलबतावर लपून फिलाडेल्फियाला पोहोचली, आणि तेथून न्यूयॉर्कला जाऊन लेखक नॅथॅनिएल पार्कर विलिस यांच्या घरी मुलीची दाई म्हणून राहिली.

स्वतंत्र राज्यात राहूनही ती स्वतंत्र नव्हती. १८५० च्या पलायित गुलाम कायद्याने दक्षिणेतील मालकाला उत्तरेत येऊन आपला गुलाम पकडता येत असे आणि त्याला मदत करणे तेथील अधिकाऱ्यांवर बंधनकारक झाले होते. नॉरकॉम त्याच साली वारला, परंतु वारसा संपला नव्हता. मेरी मॅटिल्डा आता मोठी होऊन तिचे लग्न झाले होते, आणि १८५२ मध्ये तिचा नवरा डॅनियल मेसमोर न्यूयॉर्कला येऊन हॅरिएटचा शोध घेऊ लागला. विलिस यांची दुसरी पत्नी कॉर्नेलिया हिने ३०० डॉलर देऊन हॅरिएटवरचा हक्क विकत घेतला आणि तिला मोकळे केले. हॅरिएटने यास संमती दिली नव्हती. स्वतःला विक्रीची वस्तू मानणे तिला मान्य नव्हते, आणि जे कधीच त्यांचे नव्हते त्याची किंमत त्यांना मिळावी याचा तिला मनापासून संताप आला. मार्गारेटच्या पुरवणीपासून सत्तावीस वर्षांनी, कपाट व मेजासह मिळालेली ती देणगी अशा रीतीने रोख रकमेत बदलली. हे विक्रीखत पुढे जुने कागद धुंडाळणाऱ्या अभ्यासकांना अमेरिकेची सुधारणा कोठवर आली होती हे मोजायला उपयोगी पडेल, अशा आशयाचे तिने पुस्तकात लिहून ठेवले आहे. स्वतःच्या दस्ताचा भावी वाचक कोण असेल हे तिने इतके अचूक ओळखावे, ही गोष्ट तिच्या बुद्धीची साक्ष आहे.

लिहिण्याची कल्पना एमी पोस्ट या मैत्रिणीची. रॉचेस्टर शहरात १८४९ साली हॅरिएट आपल्या भावासोबत गुलामगिरीविरोधी वाचनालय चालवत होती तेव्हा ती पोस्ट कुटुंबाकडे राहिली आणि तिने आपली हकीकत एमीला सांगितली. १८५३ पासून पुढे पाचसहा वर्षे हडसन नदीकाठच्या विलिस यांच्या घरी, दिवसभर मुले सांभाळून झाल्यावर ती रात्री गुपचूप लिहीत राहिली, कारण गुलामगिरीविषयी विलिस यांच्या मतांवर तिचा भरवसा नव्हता. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांच्याकडे मदतीसाठी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी तिची खासगी कहाणी खरी आहे का असे परस्पर कॉर्नेलिया विलिस यांना विचारले आणि ती आपल्या पुस्तकात वापरण्याची तयारी दाखवली. हा अपमान तिला लागला आणि आपली गोष्ट आपणच सांगायची हे पक्के झाले. पुस्तक १८६१ च्या आरंभी बोस्टनमध्ये ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’, म्हणजे एका गुलाम मुलीच्या आयुष्यातील प्रसंग, या नावाने आले. प्रकाशन संस्थेचे दिवाळे निघाल्याने छपाईचे तयार ठसे लेखिकेने स्वतः विकत घेऊन ते छापून घेतले. संपादन लिडिया मरिया चाइल्ड यांनी केले होते. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते, संपादिकेचे होते; आत हॅरिएट ही लिंडा ब्रेंट झाली, नॉरकॉम हा डॉक्टर फ्लिंट, सॉयर हा मिस्टर सँड्स आणि मॉली ही आंट मार्था.

या टोपणनावांमागे लाज होती आणि अजून दक्षिणेत असलेल्या माणसांची काळजीही होती. परंतु त्यांचा परिणाम असा झाला की यादवी युद्ध संपून एक-दोन पिढ्या गेल्यावर लिंडा ब्रेंट ही खरी व्यक्ती होती की चाइल्ड यांनी रचलेले पात्र, असा प्रश्न उभा राहिला. गुलामांच्या आत्मकथनांचा गंभीरपणे वापर करणारे नामवंत इतिहासकार जॉन ब्लासिंगेम यांनीही १९७२ च्या आपल्या ग्रंथात हे पुस्तक अतिनाट्यमय आणि फार योगायोगांनी भरलेले म्हणून अविश्वसनीय ठरवले. अशा निर्णयामागे एक गृहीत होते, आणि ते स्पष्टपणे बोलून दाखवणे आवश्यक आहे: गुलाम पुरुषाच्या पाठीवरचे वळ पुरावा म्हणून चालत, पण गुलाम स्त्रीवर घरातल्या घरात जे होई ते कादंबरीत शोभणारे म्हणून बाजूला सारले जाई.

हे गृहीत अभ्यासक जीन फेगन येलिन यांनी कागदांच्या बळावर मोडले. रॉचेस्टर विद्यापीठात जतन झालेल्या पोस्ट कुटुंबाच्या पत्रसंग्रहात त्यांना हॅरिएटने एमीला लिहिलेली पत्रे मिळाली. त्यांत विरामचिन्हे तुरळक आणि शुद्धलेखन मनाचे, पण पुस्तक लिहिण्याची सर्व धडपड, संकोच, स्टो यांच्याविषयीचा राग आणि चाइल्ड यांच्या सूचना क्रमाने आलेल्या आहेत. १९८१ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. त्यानंतर त्या नॉर्थ कॅरोलिनाच्या राज्य अभिलेखागाराकडे, म्हणजे रॅले येथील सरकारी दप्तरखान्याकडे वळल्या, जेथे नॉरकॉम घराण्याचे कागद जमा होते. तेथील पत्रांत जो माणूस भेटतो तो विद्याव्यासंगी वैद्य आहे, रोग्यांसाठी झटणारा आहे, आणि त्याच वेळी बायकोमुलांच्या आयुष्यावर पकड ठेवणारा, विनोदाचे वावडे असलेला, मनाविरुद्ध वागणाऱ्याला क्षमा न करणारा आहे. या चित्राचा पहिला अर्धा भाग हॅरिएटने लिहिलेला नाही; दुसरा अर्धा भाग हुबेहूब तिच्या डॉक्टर फ्लिंटचा आहे. मृत्युपत्रे, काउंटीच्या नोंदी, जाहिरात आणि ही पत्रे एकमेकांशी ताडून येलिन यांनी पुस्तकातील जवळजवळ प्रत्येक पात्राचे खरे नाव, घर आणि नाते शोधून काढले, आणि १९८७ ची त्यांची टीपायुक्त आवृत्ती निघाल्यावर संशयाला जागा उरली नाही. अशा कामात चुका होतात आणि त्या दुरुस्तही कराव्या लागतात: हॅरिएटच्या वडिलांचे नाव त्यांनी आधी डॅनियल असे दिले होते, पुढील शोधात ते इलायजा निघाले, आणि त्यांनी ते बदलले. प्रत्येक नव्या दस्तासरशी आपलेच विधान पुन्हा तपासण्याची ही तयारी नसती तर हे चरित्र उभे राहिलेच नसते.

हॅरिएटचे उत्तरायुष्य तुलनेने उजेडात आहे, कारण तोवर ती स्वतः सार्वजनिक कार्यात आली होती. युद्धकाळात तिने वॉशिंग्टन आणि व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे युद्धछावण्यांच्या आश्रयाला आलेल्या निर्वासित काळ्या कुटुंबांची सेवा केली, जानेवारी १८६४ मध्ये मुलगी लुइझासह शाळा उघडली, युद्धानंतर जॉर्जियातील सव्हाना येथे काम केले, आणि तेथील अनाथाश्रमासाठी निधी जमवायला ती इंग्लंडलाही गेली. १८७० नंतरच्या दशकात ती मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे भाडेकरूंची खाणावळ चालवत होती. गुलामगिरी मोडून काढणाऱ्या अमेरिकन लोकांना जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये अर्पण केला तो याच वर्षांत. त्या अर्पणात ज्यांचा गौरव आहे त्यांच्यात ही खाणावळवाली स्त्रीही मोडते, हे मराठी वाचकाने ध्यानात घेण्याजोगे आहे. मुलगा जोसेफ मामासोबत सोन्याच्या खाणींच्या शोधात ऑस्ट्रेलियाला गेला आणि तेथेच त्याचा माग हरपला. हॅरिएट ७ मार्च १८९७ रोजी वॉशिंग्टन येथे वारली आणि केंब्रिजच्या माउंट ऑबर्न दफनभूमीत तिला मूठमाती मिळाली.

भावाच्या कहाणीचीही पुढे अशीच भर पडली. जॉन जेकब्सने १८५५ मध्ये सिडनीच्या एका वृत्तपत्रात आपले आत्मकथन छापले होते. १८६१ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकात त्याची काटछाट केलेली आवृत्ती आली, तेवढीच दीर्घकाळ माहीत होती. मूळ पाठ अलीकडे हाती लागला आणि २०२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एडेंटनमधील तीच माणसे, तेच घर आणि तोच नॉरकॉम आता बहीण आणि भाऊ या दोघांच्या लेखणीतून दिसतात.

२००८ साली येलिन यांच्या संपादनाखाली ‘द हॅरिएट जेकब्स फॅमिली पेपर्स’ हे दोन खंड निघाले. दक्षिणेत ‘फॅमिली पेपर्स’ हा शब्द एरवी मळेवाल्या घराण्यांच्या दप्तरासाठी राखलेला असे. १८२५ ची बिनसहीची पुरवणी आणि नॉरकॉमची जाहिरात आता ज्या घराण्याच्या कागदांत मोडतात त्याचे आडनाव जेकब्स आहे. तिचे एप्रिल १८६७ मधील एक पत्रही असेच जपले गेले आहे. ते तिने एडेंटनहून, आजीच्या घरात बसून, बोस्टनमधील एका कार्यकर्तीला लिहिले. ज्या छपराखाली सात वर्षे काढली त्या जागेपासून आपण बारा फुटांवर बसलो आहोत, असे ती त्यात लिहिते.